दारातला माणूस

“यातली मोठी रेघ कुठली, हणमंतराव?”

डॉक्टर बिद्रेबाईंनी माझ्यापुढे एक पांढरा पुठ्ठा धरला होता. त्यावर दोन काळ्या आडव्या रेघा. वरच्या रेघेच्या दोन्ही टोकांना बाणासारखी आत वळलेली शिंगं, खालच्या रेघेची शिंगं बाहेर फाकलेली. मी बराच वेळ बघत राहिलो. त्या दिवसांत मला काहीही बघायला बराच वेळ लागायचा.

“दोन्ही सारख्याच आहेत.”

“नीट बघा. घाई नाही.”

“सारख्याच आहेत की ओ बाई.”

बाईंनी सिस्टरला हाक मारली आणि पुठ्ठा तिच्यापुढे धरला. सिस्टरनं क्षणभरही विचार केला नाही. “खालची मोठी,” म्हणाली. मग बाईंनी दोन्ही रेघांना फूटपट्टी लावली आणि माझा हात धरून माझं बोट पट्टीवरून फिरवलं. रेघा सारख्याच होत्या.

“सिस्टर फसली,” बाई म्हणाल्या. “मीही रोज फसते. माहीत असून फसते. तुम्ही फसला नाहीत.”

“म्हणजे माझा डोळा तुमच्यापेक्षा चांगला?”

मला गंमत वाटली होती, थोडा ताठाही आला होता. पण बाई हसल्या नाहीत.

“तुमचा डोळा आता चांगलाच आहे. पण डोळा नुसता उजेड आत घेतो. बघतो तो मेंदू. डोळ्याकडून त्याला मिळतं काय, तर डाग, कडा, रंग. त्यावरून तो अंदाज बांधतो, हे काय असेल, किती लांब असेल. आम्ही पाळण्यात होतो तेव्हापासून खोल्यांचे कोपरे बघत आलो. अशी शिंगं दिसली की मेंदूला वाटतं हा कोपरा लांबचा, हा जवळचा, आणि त्या हिशेबानं तो रेघ ताणून दाखवतो. आम्हाला विचारतसुद्धा नाही. तुमच्या मेंदूनं अजून कोपरे पाहिलेलेच नाहीत, म्हणून तो अंदाज करत नाही.”

“मग बरंच आहे की.”

“बरं नाही,” बाई म्हणाल्या. “अंदाजाशिवाय कुणालाच बघता येत नाही.”

त्याचा अर्थ मला दवाखान्याच्या पायऱ्यांवरच कळला. आवारात लिंबाचं झाड होतं, त्याची सावली पायऱ्यांवर पडली होती. मला ती सावली दिसली नाही, मला खड्डे दिसले. काळे, वेडेवाकडे, हलणारे खड्डे. ज्या पायऱ्या दिसत नसताना मी सहज चढून आलो होतो, त्या उतरताना मी कठडा धरून घाम पुसत उभा राहिलो. शेवटी गोदानं मला उतरवलं. गोदावरी, माझी बायको. ती जन्मापासून आंधळी. तिच्यासाठी तिथं खड्डे नव्हते.

मी जन्मांध नव्हतो. तान्हा असताना माझे डोळे आले, कुणीतरी झाडपाल्याचा रस घातला, आणि दोन्ही बुबुळांवर फुलं पडून नजर गेली. त्याआधी मी काही पाहिलं असेल तर ते मला आठवत नाही. अंधशाळेत वाढलो. गोदा तिथंच माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पुढं मला सोलापुरात बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली, ती घरी वेताच्या खुर्च्या विणायची, आणि एका चाळीत वरच्या मजल्यावर आमचा संसार चांगला चालला होता. मी तिशीत असताना बिद्रेबाई आमच्या बँकेत काही कामासाठी आल्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, तुमच्या बुबुळांवर इलाज होऊ शकतो. गोदाचेही डोळे त्यांनी तपासले. तिच्या डोळ्यांमागची शीरच कामातून गेलेली होती. कुणा गेलेल्या माणसाचं बुबुळ माझ्या डाव्या डोळ्यावर बसवलं. एक्क्याऐंशी सालची गोष्ट आहे.

पट्टी काढली तेव्हा गोदा पलंगाशेजारी स्टुलावर बसलेली होती. बाई म्हणाल्या, “ही तुमची बायको.” मला एक पिवळा पट्टा दिसला आणि त्याच्यावर काहीतरी तपकिरी, हलणारं. गोदाचा चेहरा मला पाठ होता. नाकाचा उतार, डाव्या भुवईतली खोक, हनुवटीवरचा लहानपणी पडून झालेला व्रण, सगळं बोटांना माहीत होतं. समोर जे होतं त्यात यातलं काहीच नव्हतं. मी हात पुढे केला. बोट हनुवटीला लागलं आणि मग ती तिथं आली.

“दिसते का मी?” तिनं विचारलं.

“दिसतेस,” मी म्हणालो.

बँकेत माझा सत्कार झाला. “पहिल्यांदा काय बघितलंत?” असं कुणीतरी विचारलं, आणि सगळे गप्प होऊन वाट बघत आहेत हे मला ऐकू आलं. मी सांगितलं, सूर्य. टाळ्या पडल्या. खरं तर पहिल्यांदा मी सिस्टरचा कोट पाहिला होता आणि त्या पांढऱ्यानं माझ्या डोळ्यातून पाणी काढलं होतं. पण ते काही हाराच्या वेळी सांगायचं नव्हतं.

मग लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. “ओळखा बघू मी कोण?” फोनवर नुसत्या ‘हॅलो’वरून मी अर्ध्या सोलापूरला ओळखत होतो. आता ती माणसं तोंड मिटून माझ्यापुढं उभी राहायची आणि मला दोन डोळे, एक नाक, मिश्या असं सुटं सुटं सामान दिसायचं. त्याचा माणूस होत नसे. मी हसून वेळ काढायचो. कंटाळून त्यांनी तोंड उघडलं, की मी नाव सांगायचो. त्यांना आनंद व्हायचा.

रविवारी आमच्या शाळेतले जुने सोबती एकाच्या घरी जमायचे. मी गेलो की आधी बोलणं थांबायचं. एकदा मी तपेल्यातून पेल्यात चहा ओतत होतो. तपेलं दिसत होतं, पेला दिसत होता, तरी सगळा चहा चटईवर सांडला. एक जण म्हणाला, “अरे, आपल्यातलं कुणी असतं तर सांडला नसता.” सगळे हसले, मीही हसलो. पण पुढच्या रविवारी मी गेलो नाही, आणि का आला नाहीस म्हणून कुणाचा निरोपही आला नाही.

हे सगळं मी सोसलं असतं, कारण घर होतं. पण घरीही काहीतरी बिघडलं होतं आणि काय ते मला कळत नव्हतं.

आमच्या खोलीत तोवर दिवा नव्हताच. छताला नुसतं होल्डर लोंबत असेल, आम्हाला कशाला हवा? ऑपरेशननंतर मी बल्ब आणून लावला. संध्याकाळी बटण खट्‌ वाजलं की गोदाचे हात वेतावर थांबायचे.

“दिवा लावलात?”

“लावला.”

शाळेपासून ती मला ‘अरे’ म्हणत आलेली. लग्नानंतर चारचौघांत ‘अहो’ आणि घरात ‘अरे’. आता घरातही ‘अहो’ झालं. वेणी घालायची तर भिंतीकडे तोंड करून. जेवताना अधूनमधून घास हातात तसाच ठेवून विचारायची, “काय बघताय?”

“काही नाही. तुझ्या हाताकडं बघतोय.”

“मग बोला की काहीतरी.”

मी बोलायचो, पण बोलण्यासारखं फार नसायचं. बिद्रेबाईंनी मला अभ्यास दिला होता. आधी वस्तू हातानं चाचपायची, मग डोळ्यानं बघायची, असं परत परत. हात आधी शिकलेला आहे, तो डोळ्याला शिकवेल. म्हणून घरी आलो की मी गुपचूप बसून बघत राहायचो. तांब्या, खुर्ची, पाटा. आणि गोदा. तिचा चेहरा माझ्या डोळ्यात एकसंध होत नव्हता. लोकांचे झाले नाहीत तरी चालेल, तिचा झाला पाहिजे, असं मला वाटायचं. मी जितका जास्त बघायचो तितकी ती जास्त गप्प व्हायची.

शेजारच्या येमूलकाकूंनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, “बायकोला जपा ओ. तुम्हाला मिळालं, तिला नाही मिळालं. मन खातं बगा तिचं.” मला ते पटलं होतं. ती माझ्यावर जळते असं नव्हे, पण आम्ही बरोबर चालत होतो आणि मी पुढं निघून गेलो, असं काहीतरी. मी विचारलं तर ती म्हणायची, “काही नाही झालं. जेवा.”

त्या दिवशी बँकेत वीज गेली आणि आमचा टेलिफोनचा बोर्डच बंद पडला. साहेबांनी मला दुपारीच सोडलं. पूर्वी मी चाळीचा जिना दणादण चढायचो, सगळ्या चाळीला कळायचं हणमंत आला. दिसायला लागल्यापासून माझा पायच उचलत नव्हता. प्रत्येक पायरीवर उजेडाचा पट्टा आणि सावलीचा पट्टा, त्यातली पायरी कुठली हे पावलानं चाचपून बघायचो आणि मगच भार टाकायचो. त्यामुळं मांजरासारखा, आवाज न करता वर पोचलो. आमचं दार वाऱ्यासाठी उघडंच होतं.

गोदा माझ्याकडे पाठ करून उभी होती. निळं लुगडं आणि लांब वेणी, एवढ्यावरून मी तिला ओळखलं. तिच्यासमोर एक बाई उभी होती. तिचंही लुगडं निळं, आणि तोंड माझ्या बाजूला. कुणीतरी पाहुणी असेल असं वाटून मी दारातच थांबलो.

त्या बाईनं दोन्ही हात उचलले. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक बोट लावलं आणि कोपरे वर ढकलले.

तेव्हा काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तोवर सुटे सुटे राहिलेले डोळे, नाक, गाल हे सगळं एकदम एका जागी आलं. ते सामान राहिलं नाही. तो कुणाचा तरी चेहरा झाला, आणि तो हसत होता. मग तिनं बोटं काढली आणि हसू खाली पडलं. तिनं तळहातानं स्वतःचं तोंड चाचपून पाहिलं. हसू टिकलं नाही हे तिला कळलं असावं, कारण तिनं परत बोटं लावली. परत कोपरे वर. परत बोटं काढून चाचपणं. हनुवटीवर एक पांढरट व्रण होता. तो व्रण मी हजारदा चाचपला होता.

ती गोदा होती. माझ्याकडे पाठ केलेलीही गोदा होती आणि तोंड केलेलीही गोदाच. हे कसं, याचा विचार करायला मला वेळच मिळाला नाही. कारण त्याच वेळी मला तिच्यामागे तो दिसला.

एक माणूस दारात उभा होता. काळा, हडकुळा, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. तोंड घट्ट मिटलेलं. चेहऱ्यावर काही नाही, राग नाही, लोभ नाही, काहीच नाही. नुसता गोदाकडे टक लावून उभा होता. आणि गोदाला त्याचा पत्ता नव्हता. ती आपली बोटांनी हसू वर ढकलत होती.

“कोण आहे?” मी ओरडलो. “कोण आहे रे तो?”

गोदा किंचाळली. त्या माणसानंही तोंड उघडलं. मी धावलो तसा तोही माझ्यावर धावून आला. गोदाला बाजूला ढकलून मी त्याला मूठ मारली.

काच फुटली.

आवाजानं येमूलकाकू धावत आल्या. त्यांच्या घरात चुना लावणं चाललं होतं, म्हणून त्यांचं आरशाचं मोठं कपाट त्यांनी दिवसापुरतं आमच्या खोलीत आणून ठेवलं होतं. आरसा मला माहीत नव्हता असं नाही. न्हाव्याकडं पाहिला होता, दवाखान्यात बाईंनी दाखवला होता. पण ते हातभर आरसे होते, आणि ‘हा आरसा’ असं सांगून पुढं धरलेले. घरात शिरावं आणि घराच्या पलीकडं आणखी एक घर असावं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या माणसाला मी ओळखणार तरी कसा? स्वतःच्या आवाजाशिवाय मला स्वतःचं काहीच माहीत नव्हतं.

काकूंनी माझा हात बघितला, काचा बघितल्या, आणि रडायलाच लागल्या.

“माझंच चुकलं ओ. मीच हिला म्हटलं, अगं पोरी, तुझं तोंड दगडावाणी असतंय, आता नवरा बघतोय तुला, जरा हसरं ठेवत जा. हिला कसं ठेवायचं तेच येईना. म्हणून सवयीनं इथं आरशापुढं उभी केली, म्हटलं मी सांगते बरोबर होतंय का. तेवढ्यात चुनेवाल्यानं हाक मारली…”

“काकू, तुम्ही जा,” गोदा म्हणाली. “मी बघते.”

काकूंनी काचा झाडून नेल्या. गोदानं पाण्याचं पातेलं घेतलं, माझा हात धुतला, बोटांनी चाचपून दोन बारीक कपच्या काढल्या आणि जुन्या धोतराची पट्टी बांधली.  खोलीत ऊन तिरपं आलं होतं. मी जमिनीकडं बघत होतो.

“कोण होतं?” तिनं विचारलं.

“कोणी नाही.”

“तू ओरडलास ना, कोण आहे म्हणून.”

“मीच होतो. आरशात.”

ती गाठ मारत होती. गाठ मारून झाल्यावरही तिनं माझा हात सोडला नाही.

“कसा होता तो?”

“कोण?”

“तो माणूस.”

मी सांगितलं. काळा, हडकुळा. तोंड मिटलेलं. काही बोलत नव्हता, हलत नव्हता. नुसता बघत होता.

“माझ्याकडं?”

“तुझ्याकडं.”

“आणि मला ठाऊक नव्हतं.”

“नाही.”

“भ्यालास?”

“भ्यालो.”

“तू दवाखान्यातनं आल्यापासून मी रोज भिते,” गोदा म्हणाली.

 खाली कुणीतरी नळावर घागर ठेवल्याचा आवाज आला. मग तीच हळूहळू बोलायला लागली. “आधी तू घरात असलास की असायचास. खाकरायचास, पेला आपटायचास, उगीच गुणगुणायचास. कुठं बसलायस ते मला कळायचं. आता तू गप्प बसतोस. मी हाक मारली की एकदम माझ्या तोंडापाशीच बोलतोस. बाहेर सगळे बघतात रे मला. त्याचं काही नाही, सवय झाली. पण दार लावलं की ते संपायचं.”

“मी तुझा चेहरा शिकत होतो,” मी म्हणालो.

“मला काय माहीत? तू सांगितलं नाहीस.”

खरंच, मी सांगितलं नव्हतं. बघताना सांगायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. डोळस माणसं कुणाला सांगून बघत नाहीत.

“आता सांगत जाईन,” मी म्हणालो. “बघायला लागलो की म्हणेन, बघतोय.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“वेडा आहेस.”

पुढची सगळी वर्षं मी ते पाळलं. दारातून आत येताना पाय वाजवायचा, आणि तिच्याकडं तोंड वळवलं की म्हणायचं, “गोदा, बघतोय.” ती कधी “बघ” म्हणायची, कधी “आत्ता नको” म्हणायची. नको म्हणाली की मी खिडकीकडं वळायचो. बिद्रेबाईंना मी आरशाचं सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आरशाला प्रत्येक जण एकदा फसतो, तुम्ही तिशीत फसलात एवढंच. दारात माणूस आहे असा अंदाज तुमच्या मेंदूनं स्वतःहून केला, आता बघा भराभर शिकाल. तसं झालंही. सावल्या खड्ड्यांसारख्या दिसेनाशा झाल्या, रस्ता ओलांडायला जमलं, माणसंही चेहऱ्यावरून ओळखता यायला लागली. गोदाच्या शेवटच्या आजारात तिचं बोलणं बंद झालं होतं. मी “बघतोय” म्हटलं की ती मान जराशी माझ्याकडं वळवायची. आता घरात माझ्याशिवाय कुणी नाही. तिन्हीसांजेला दिवा लावतो आणि काय बघतोय ते कुणाला सांगावं लागत नाही.

पण त्या दिवशी ती माझा हात मांडीवर घेऊन बसली होती. जरा वेळानं तिनं विचारलं, “काकू म्हणाल्या तसं होत होतं का?”

“काय?”

“हसू. तू बघितलंस ना. खरं सांग.”

 ते मी पाहिलेलं पहिलं हसू होतं. तुलना करायला माझ्याकडं दुसरं नव्हतं. जसं दिसलं तसं सांगितलं.

“दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. दोन्हीकडून चिमटे लावून.”

तिचं बोट पट्टीच्या गाठीवर थांबलं. तिला लागलं की काय म्हणून मी घाबरलो. मग ती हसायला लागली. शाळेत मागच्या बाकावरून मी तिची वेणी ओढली की हसायची तशी, नाकातून आवाज काढत, दम लागेपर्यंत. माझा बांधलेला हात तिच्या हसण्याबरोबर हलत होता. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, दिवस अजून मावळला नव्हता, आणि मी, ते हसणं नीट ऐकू यावं म्हणून, डोळे मिटले.